ढापे पडल्यावर

परतीचा पाऊस ओसरला की कुकडीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे टाकायची घाई सुरू होते. पावसाळाभर खांबांच्या मधून मोकळी वाहिलेली नदी त्या लोखंडी पाट्यांनी अडते, फुगते, मागे सरकत जाते आणि बघता बघता वाहत्या पात्राचं लांबट तळं होतं. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, निमगाव सावा आणि आसपासच्या गावांत, या पाण्याकडे दोन नजरांनी बघितलं जातं. ज्याला कांदा लावायचा आहे, ऊस जगवायचा आहे, त्याची नजर मोटारीच्या पाइपाकडे असते. दुसऱ्याची नजर पाण्याच्या रंगावर. गाळ खाली बसला का, हातभर खोलीवरचा दगड दिसू लागला का, काठाशी बारीक पिल्लांचे थवे फिरतात का, हे तो बघून ठेवतो. मग घरी जाऊन आढ्याला खोवलेली काठी काढतो, तंगूस ताणून बघतो आणि स्वतःलाच विचारतो, यंदा गळाला काय लावायचं?

प्रश्न फार जुना आहे. उत्तर मात्र नदी बदलली तसं बदलत गेलं. कुकडी, मीना आणि घोड या तीन नद्यांच्या काठी गेल्या दोनशे वर्षांत गळाला काय काय लागलं, हे नुसतं क्रमाने मांडलं तरी या मुलखाच्या पाण्याचा इतिहास समोर येतो. सरकारी अहवालांत धरणाची उंची सापडते, कालव्याची लांबी सापडते. पाण्याखाली कोण राहायला आलं आणि कोण उठून गेलं, हे मात्र गळाच्या टोकावर कळतं.

धरणं नव्हती तेव्हाची कुकडी आजच्या मुलांना ओळखू येणार नाही. ती उगवते नाणेघाटाच्या अंगाला, पूर गावच्या कुकडेश्वराजवळ, जिथे पाऊस धो धो कोसळतो. तिथून पूर्वेला सरकावं तसा पाऊस विरळ होत जातो आणि बेल्ह्याच्या बाजूला आलं की मुलूख चक्क कोरडा. म्हणजे नदीत पाणी यायचं ते डोंगरातलं, आणि डोंगरातला पाऊस थांबला की नदी आटत जायची. उन्हाळ्यात धार तुटायची आणि उरायचे ते डोह. माणिकडोह या गावाच्या नावातच डोह आहे. खाली पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीने कातळात कोरलेले रांजणखळगे आजही लोक बघायला जातात. कातळातल्या असल्या खोलगट जागी पाणी टिकायचं आणि त्या पाण्याच्या आसऱ्याने मासाही टिकायचा. नदीतल्या माशाचं सगळं आयुष्य या दोन टोकांमध्ये चालायचं. पुरात पांगायचं आणि उन्हाळ्यात डोहात गोळा व्हायचं.

मृगाच्या पहिल्या पुरात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढणारे ते चढणीचे मासे. ओढ्याच्या तोंडाशी, शेताच्या बांधापर्यंत ते येत आणि माणसं टोपली, धोतर, घमेलं, हाताला लागेल ते घेऊन धावत. त्यात कसब नव्हतं, घाई होती. गळाचा मोसम याच्या नंतरचा. पुराचं पाणी चहासारखं असतं, त्यात माशाला आमिष दिसत नाही. शिवाय तेव्हा त्याला आपोआप इतकं खायला मिळत असतं, वाहून आलेले किडे, गांडुळं, शेतातलं दाणं-बियाणं, की गळाकडे वळायची त्याला गरज नसते. भाद्रपद संपता संपता पाणी निवळू लागतं. अंडी घालून दमलेला मासा खायला निघतो, आणि त्या वर्षीची पिल्लं बोटाएवढी झालेली असतात, त्यामुळे शिकारी माशाला खाद्यही भरपूर.

यात पंचांगाचाही हात होता. श्रावण पाळायचा, गणपतीत वशाट नाही, मग पितृपक्ष, मग नवरात्र. पूर्व जुन्नर हा वारकऱ्यांचा मुलूख. ज्ञानेश्वरांनी वेद वदवला त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे आणि आजूबाजूच्या गावांत माळकरी घरं कितीतरी. त्या घरांचा मासळीशी संबंधच नाही. पण ज्या घरांत चालतं तिथेही दसऱ्याच्या आत सहसा चूल मासळीची होत नसे. दसरा झाला, सोनं लुटून झालं की गळ बाहेर निघायचे. म्हणजे माशाची भूक आणि माणसाची मोकळीक एकाच पंधरवड्यात जुळून यायची. शरद ऋतूतल्या गळाला या भागात जी जुनी गोडी आहे ती इथून आलेली दिसते.

त्या काळातलं आमिष घराच्या आसपासच मिळायचं. उकिरड्याखालचं ओलं गांडूळ हे पहिलं. नाकतोडा, शेणातली अळी, ओढ्यातला झिंगा, भाकरीचा मळलेला गोळा. काठी वेळूची, तरंगतं ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचं किंवा मोरपिसाच्या दांडीचं, दोरा सुती किंवा अंबाडीचा, आणि गळ लोहाराने वळवलेला नाही तर शहरातून आणलेला. उंबराखालच्या डोहात आणखी एक गंमत होती. पिकलेलं उंबर पाण्यात टपकलं की खालून मोठा मासा उसळी मारून ते गिळायचा. खवल्यांचा, जाड ओठांचा हा महाशीर. फळं, किडे, शिंपले, लहान मासे, त्याला काहीही चालतं. त्यामुळे उंबराच्या झाडाखाली उंबरच गळाला लावायचं, ही अक्कल काठावरच्या माणसाला कुणी शिकवावी लागली नाही.

या नद्यांतल्या माशांची पहिली शास्त्रीय यादी केली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने. पेशवाई बुडून थोडीच वर्षं झाली होती. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ साली साइक्सला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. माणसं, पिकं, जमिनी मोजता मोजता हा माणूस पक्षी आणि मासेही नोंदवत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा प्रबंध १८३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला. त्यात त्याने कितीतरी माशांची वर्णनं पहिल्यांदा जगापुढे मांडली, आणि नावं देताना एक फार मोलाची गोष्ट केली. लॅटिन शब्दांच्या शेपटाला त्याने काठावर ऐकलेली नावं जशीच्या तशी जोडली.

म्हणून आज जगभरच्या ग्रंथांत शिंगाळा हा 'सीनघाला' आहे आणि शिंगटी ही 'सींगटी'. 'ताकरी', 'घोंगवारी', 'फुलंगी', 'कोलस', 'खुद्री' ही सगळी साइक्सने ऐकलेली आणि रोमन लिपीत कोंबलेली इथली बोली. कपाळावर टेंगूळ असलेला 'नुकटा' त्याला चाकणजवळच्या इंद्रायणीत मिळाला. 'खुद्री' म्हणजे दख्खनचा महाशीर, तो पुण्याच्या मुळा-मुठेतला. आणि 'मुसुल्ला' हा मोठा मासा त्याने नोंदवला तो घोड नदीतला, शिरूरचा. शिरूरला तेव्हा इंग्रजांची छावणी होती. कुकडीचं पाणी पुढे घोडेलाच मिळतं, तेव्हा 'मुसुल्ला' हा या सगळ्या खोऱ्याचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. ही नावं ज्यांच्या तोंडून आली ते भोई, कोळी, कहार काळाच्या ओघात निनावी राहिले, पण त्यांचे शब्द टिकले. जर्मनीतला एखादा अभ्यासक बाटलीवर 'ताकरी' असं लिहितो तेव्हा तो भीमेच्या काठचा एक उच्चार करत असतो, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

साइक्सच्या यादीतली नावं नीट पाहिली तर आमिषाचाही अंदाज बांधता येतो. यातले बरेच वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातले मासे. दगडावरचं शेवाळ खरवडणारे, किडे टिपणारे, खडकाळ तळ धुंडाळणारे. त्यांना गांडूळ, अळी, शेवाळ, फळ चालायचं. पिठाच्या गोळ्यावर जगणाऱ्या माशांचं राज्य अजून यायचं होतं.

साहेबाने स्वतःचं आमिष आणलं. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली निघालं आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या शौकिनांचं ते पाठ्यपुस्तकच झालं. त्यात महाशीरसाठी चमच्याचं कौतुक आहे. चमचा म्हणजे अक्षरशः चमच्याच्या पाळीसारखा धातूचा पत्रा, टोकाला गळ. पाण्यातून ओढला की तो डुलतो, लकाकतो, आणि जखमी मासोळी पळतेय असा भास होतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जुलिओ ब्यूएलने अशा चमच्याचं पेटंट १८५२ साली घेतलं होतं. त्याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो झडप घालून नेला, अशी आख्यायिका त्याच्या नावाशी जोडलेली आहे. चमच्याची सगळी मदार लकाकीवर, म्हणून तो निवळ पाण्याचा सोबती. गढूळ पुरात तो मेलेला पत्रा. इथेही मोसम ठरला तो पावसाळ्यानंतरचाच. भोई गांडूळ लावून आणि साहेब चमचा फिरवून एकाच महिन्यात डोहावर यायचे, कारण दोघांनाही पाण्यानेच तारीख दिलेली असायची. या शौकाची परंपरा इतकी लांबली की स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९४८ साली, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने महाशीर पकडण्यावर मॅकडोनल्ड यांचं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केलं.

गळाच्या शेजारीच दुसरं एक जग होतं आणि त्याच्याबद्दल लिहिताना हात आखडता घेता येत नाही. डोंगरी भागात गेळफळ कुटून किंवा रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकत. मासे गुंगून वर येत. वर्षातून एकदा, सगळ्या वाडीने मिळून, आटत्या डोहात हे केलं जायचं तोवर नदीला ते झेपत होतं. बांधकामाच्या कामांबरोबर सुरुंगाची दारू गावोगाव पोचली आणि हिशेब बिघडला. एका स्फोटात डोहातली अंडी, पिल्लं, थोर मासा, सगळं एकदम मरतं, आणि त्यातलं निम्मं तळाशी बसून कुजतं. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८७३ च्या आपल्या अहवालात देशभरच्या मामलेदारांकडून जाळ्यांच्या आसाची, पिल्लांच्या नाशाची माहिती मागवून सरकारला इशारा दिला होता. १८९७ च्या मत्स्य कायद्याने स्फोटकं आणि विष टाकून मासे मारणं हा गुन्हा ठरवला. कायदा कागदावर सव्वाशे वर्षांचा झाला, तरी सुरुंगाचा आवाज नद्यांवरून पुरता गेलेला नाही.

या सगळ्याला एक सुंदर अपवाद होता, तो देवाचा. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कुणी हात लावत नाही. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे झुंडीने वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहातही तीच रीत. जिथे गळच नाही तिथे मासा किती वाढतो, हे बघायला या दोन जागांवर जावं.

कुकडी प्रकल्पाने हा सगळा पट उलटवला. १९७७ साली येडगावचं धरण झालं. १९८० च्या दशकात मीनेवर वडज आणि कुकडीवर माणिकडोह. पुढे माळशेज घाटाजवळ पिंपळगाव जोगे आणि घोडेवर डिंभे. पाच धरणं, त्यांचे कालवे पार नगर आणि सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत. जुन्नर-आंबेगावच्या शेताला या पाण्याने जे दिलं ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. कोरड्या पूर्व भागात ऊस उभा राहिला तो यामुळेच. पण चढणीच्या माशाची वाट बंद झाली. धरणाच्या भिंतीला माशांसाठी शिडी नव्हती. वाहत्या पाण्यातला मासा साचलेल्या पाण्यात कोंडला गेला, आणि ज्या गोट्यांच्या उथळ पात्रात तो अंडी घालायचा ते पात्र वीस-तीस मीटर पाण्याखाली गेलं.

मग प्रश्न उभा राहिला की एवढ्या मोठ्या जलाशयांत मासा आणायचा कुठून. उत्तर आलं गंगेच्या खोऱ्यातून. कटला, रोहू आणि मृगळ. या तिघांचं बीज पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने देशभर जायचं, वाटेत निम्मं मरायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाला पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालायला लावली, आणि सगळं चित्र पालटलं. आता बीज कारखान्यासारखं तयार करता येऊ लागलं. मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग जलाशय. महाराष्ट्रातल्या धरणांत दर पावसाळ्यात बोटुकली सोडली जाऊ लागली. त्यांच्या मागोमाग, बोलावता न बोलावता, चिलापी आला. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेचा मासा अंडी तोंडात सांभाळतो, साचल्या पाण्यात वर्षातून अनेकदा पिल्लं काढतो. भीमेवर १९८० साली उजनी भरलं आणि पुढे भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागू लागले. घोडेचं पाणी शेवटी भीमेलाच जातं.

गळाचं आमिष बदललं ते इथे. नव्या पाहुण्यांना उंबर माहीत नव्हतं. कटला पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी चिखल चाळतो. एकाच जागी तीन मजल्यांचं घर, आणि प्रत्येक मजल्यावरच्या भाडेकरूला वेगळं जेवण. येडगावच्या किंवा वडजच्या फुगवट्यावर बसणाऱ्यांनी हे पुस्तकात वाचलं नाही, पण तरंगतं किती वर बांधायचं हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. मृगळासाठी शिसं जड आणि गांडूळ किंवा कणकेचा गोळा तळाला टेकलेला. रोहूसाठी गोळी लहान, घट्ट, मधल्या पाण्यात लोंबणारी.

कटल्यासाठी मात्र 'लाडू'. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, कणीक, त्यात कुणी बडीशेप भाजून घालतो, कुणी मेथी, कुणी हिंगाचा खडा. लाडू मुठीएवढा, पाण्यात हळूहळू विरघळेल इतपत सैल आणि फेकताना फुटणार नाही इतपत घट्ट. त्याभोवती एकाच दोऱ्याला बांधलेले चार-सहा बारीक गळ, उघडेच. कटला आमिष चावत नाही. विरघळत्या पिठाचा ढग तो पाण्यासकट आत ओढतो आणि त्या ओढीबरोबर एखादा गळ तोंडात जातो. गळावर आमिषच नाही, आमिष शेजारी आहे. नदीकाठच्या आजोबांना ही युक्ती कोड्यासारखी वाटली असती. लाडवाचा मसाला हा मग घराघराचं गुपित झाला. शेजारी बसलेला मित्र तंबाखू देईल, डबा देईल, पण हिंग किती घातला ते सांगणार नाही.

जागा आदल्या दिवशी 'लावून' ठेवायची, हाही धरणाच्या काळातला नेम. नदी होती तेव्हा मासा कुठे असणार हे डोह सांगायचा. मैलोगणती पसरलेल्या पाण्यात तसं काही नाही. म्हणून पेंडीचे मुटके संध्याकाळी टाकून ठेवायचे आणि पहाटे तिथेच बसायचं. शरदात हे चांगलं जमतं, कारण धरण काठोकाठ भरलेलं असतं. नुकतंच बुडालेलं गवत, बांध, वावरं यांच्यावर उथळ पाणी असतं, आणि किड्यांसाठी, कोवळ्या गवतासाठी मासा काठाजवळ येतो. रब्बीचं आवर्तन सुटलं की पातळी उतरू लागते, मासा आत सरकतो आणि मोसम विरळ होतो.

आंबेगाव तालुक्यात ही कथा अधिक दुखरी आहे. डिंभे धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण दिलेला हा कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. साडेतेरा टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयाच्या पोटात ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगावच गेलं. पाण्याच्या वरच्या अंगाला राहिलेले महादेव कोळी हे नावाने कोळी असले तरी पिढ्यानपिढ्यांचे भातशेतीवाले. शेत बुडालं, आणि समोर आलं समुद्रासारखं पाणी, ज्यात उतरायचं कसब त्यांच्याकडे नव्हतं.

आनंद कपूर आणि कुसुमताई कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने या माणसांबरोबर राहून काम केलं. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसायचा हक्क, डोंगरउतारावरची भातखाचरं बांधायची पडकई, आणि जलाशयातली मासेमारी. आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांना तरंगत्या पिंजऱ्यांत मासळी वाढवायला शिकवलं. बारीक जिरे थेट धरणात सोडले तर शिकारी मासा ते फस्त करतो. पिंजऱ्यात बोटाएवढे, वितीएवढे वाढवून सोडले तर टिकतात. ज्या माणसांच्या शेतावर पाणी आलं त्यांनीच त्या पाण्यात पेरणी करायची, हा या प्रयोगाचा गाभा होता, आणि महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे. धरणावर हौसेने गळ टाकायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं की तिथला मासा बहुतेक वेळा कुठल्या तरी सहकारी संस्थेने विकत आणून सोडलेलं, सांभाळलेलं पीक असतं. विचारून बसणं हे साधं कर्तव्य आहे.

पेरलेल्या माशांच्या या गर्दीत जुने रहिवासी पूर्ण संपलेले नाहीत. साचलं पाणी ज्यांना मानवलं ते उरले. मरळ, शिंगाळा आणि वाम. तिघेही शिकारी, आणि शरदातल्या गळाची खरी परीक्षा त्यांच्यापाशी.

वाम रात्रीची, दगडाच्या कपारीतली. तिला गांडुळाखेरीज दुसरं सुचवू नये. शिंगाळाही अंधाराचा. मिशांनी तळ चाचपत फिरतो, त्याला वासाचं आमिष लागतं, माशाचा तुकडा किंवा झिंगा. गळातून सोडवताना पाठीवरचा आणि बाजूंचा काटा सांभाळला नाही तर हात दोन दिवस ठणकतो. मरळ दिवसाची. तिला हवेतला श्वास घ्यावाच लागतो, म्हणून ती ठरावीक वेळाने वर येते, पृष्ठावर एक वळसा, दोन बुडबुडे, आणि जाणकार तेवढ्यावर तिची जागा हेरतो. पूर्वी तिच्यासाठी जिवंत बेडकी लावत. आता रबरी बेडूक मिळतो, शेवाळावरून उड्या मारत ओढता येतो, आणि बेडकांना मिळालेल्या कायद्याच्या संरक्षणाचाही मान राहतो. एक पथ्य मात्र पाळावं. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांच्या लालसर घोळक्याखाली पहारा देत असते आणि समोर आलेल्या कशावरही तुटून पडते. त्या वेळी तिला मारणं म्हणजे शेकडो पिल्लं उघड्यावर टाकणं. दसऱ्यानंतर पिल्लं पांगतात, मरळ भुकेली आणि मोकळी असते. तेव्हाचा सामना बरोबरीचा.

नकली आमिषांचा हा बाजार आज जुन्नरच्या पोरांच्या मोबाइलवर पोचलेला आहे. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव रापाला. फिनलंडचा लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार तळ्यावर बसून बघत राहायचा की मोठा मासा थव्यातल्या नेमक्या लंगड्या मासोळीवर झडप घालतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली, चॉकलेटच्या चंदेरी कागदाने मढवली, वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लुकण दिलं. ती पाण्यात लंगडत चालायची. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत हीच लंगडी चाल वॉलआय नावाच्या माशासाठी वापरतात. त्याच्या डोळ्यांत चकाकता पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला लख्ख दिसतं, आणि ऑक्टोबरच्या गार संध्याकाळी तो लहान माशांच्या थव्यांमागे काठाशी येतो. ईरी सरोवराच्या काठची माणसं त्या दिवसांची वर्षभर वाट बघतात. तिकडे थंडीच्या आधीची भूक, इकडे अंडी घालून झाल्यावरची. कारण निराळं, महिना मात्र तोच, आणि लकाकत्या लंगड्या मासोळीला भुलणंही तेच. येडगावच्या पाण्यात मरळीवर ती मासोळी चालते, फक्त तिला उथळ आणि सावकाश ओढावं लागतं.

आणि महाशीर? पुणे जिल्ह्यात त्याला वाचवायचं मोठं काम झालं ते लोणावळ्याला, टाटांच्या वीजनिर्मितीच्या तळ्यांवर. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुळकर्णी आणि शशांक ओगले यांनी १९७० च्या दशकात तिथे महाशीरची कृत्रिम पैदास साधली, आणि तिथली पिल्लं देशभरच्या पाण्यांत गेली. या यशाला दुसरी बाजूही निघाली. दख्खनचा महाशीर कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महाशीरवर संकट आलं, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. एका नदीचं औषध दुसऱ्या नदीला द्यायच्या आधी त्या नदीत कोण राहतं ते पाहायला हवं होतं. घोडेच्या 'मुसुल्ल्या'ची तर वर्गीकरणातच अनेक वर्षं गल्लत चालली होती. काही अभ्यासक त्याला महाशीरांतच मोजत होते. गेल्या दशकात शास्त्रज्ञांनी नवे नमुने तपासून त्याची वेगळी ओळख पक्की केली. साइक्सने शिरूरला तो हातात धरला त्याला तोवर पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली होती.

कुकडीवर आता ढाप्यांमागे पाणी तुंबलं की काठावर लाडवाचे डबे उघडतात, रबरी बेडूक उडतात आणि एखादा म्हातारा अजूनही नारळाच्या करवंटीत ओल्या मातीत गांडुळं घेऊन येतो. त्याच्या गळाला कधीमधी बोटभर जुनी नदीतली मासळी लागते, तिचं नाव शेजारच्या पोराला सांगता येत नाही. जूनच्या तोंडावर ढापे काढून घेतात, पाट्या बाजूला रचतात, आणि पहिल्या पुराला नदी पुन्हा मोकळी होते. त्या दोन-चार दिवसांत चढणीचा मासा खालून येतो, बंधाऱ्याच्या खांबांमधून वर सरकतो, निमगाव सोडतो, आणि येडगावच्या भिंतीखालच्या फेसाळत्या पाण्यात जाऊन थांबतो.